माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी

चौऱ्याऐंशी सालच्या जुलैत अमेरिकेत एक माणूस दिवसाढवळ्या एका खानावळीत शिरला आणि त्याने एकवीस माणसं गोळ्या घालून मारली. त्यामुळे कांदिवली पूर्वेला, आमच्या मंगलदीप सोसायटीत, माझ्या शेजारच्या धोंडिराम ओव्हाळची नोकरी धोक्यात आली. मधे केवढा समुद्र आहे ते मला सांगू नका. आमच्या सोसायटीला एक सेक्रेटरी आहे, सेक्रेटरीकडे टाइपरायटर आहे आणि टाइपरायटरला लागणारा कार्बन पेपर आहे. तेवढ्यावर काम होतं.

धोंडिराम मूळचा नगर जिल्ह्यातला, फौजेत पंधरा वर्षं काढलेला. रिटायर झाल्यावर बोरीवलीच्या एका बँकेत गनमॅन म्हणून लागला. गनमॅनच्या नोकरीत बंदूक स्वतःची लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लायसन धोंडिरामच्या नावावर, दोन नळीची बारा बोअर त्याने स्वतः घेतलेली, आणि बँक बंद झाली की ती परत त्याच्याच घरी. खरं बोलायचं तर बँकेने नोकरीला बंदूक ठेवली होती, धोंडिराम तिच्यासोबत यायचा. रोज सकाळी नऊला रेक्झिनच्या खोळीत घातलेली ती बंदूक खांद्याला लावून तो जिना उतरायचा आणि संध्याकाळी सहाला तशीच घेऊन चढायचा. नऊ वर्षांत त्याने एक गोळी झाडली नव्हती. त्याची बायको सुंदराबाई म्हणायची, ह्यांनी बंदुकीला घातलं तेवढं तेल माझ्या डोक्याला घातलं असतं तर केस घोट्यापर्यंत आले असते.

नऊ वर्षांत बिल्डिंगमधे कुणाला त्या बंदुकीची भीती वाटली नव्हती. उलट आदल्या वर्षी आसपास चोऱ्या व्हायला लागल्या तेव्हा आमचा चेअरमन चंद्रप्रकाश तावडे स्वतः त्याच्या दारात गेला होता, आणि पंधरा दिवस जरा गच्चीवर बसता का म्हणून विनवलं होतं. दिवसभर ड्यूटी करून धोंडिराम बसला. कुणी त्याला चहासुद्धा नेऊन दिला नाही, पण भीती मात्र कुणाला वाटली नाही.

तर पंधरा ऑगस्ट. आमची वार्षिक सभा दरवर्षी कोरमअभावी तहकूब व्हायची. चोवीस बिऱ्हाडं, पण सभेला चार टाळकी. त्या वर्षी चंद्रप्रकाशने युक्ती काढली. झेंडावंदन झालं की वादविवाद स्पर्धा ठेवायची, वर गरम वडे ठेवायचे, आणि सुरुवातीला दहा मिनिटांत सभा उरकायची. भाषण करायला मिळतंय म्हटल्यावर आपली माणसं आजारातून उठून येतात. विषय मीच सुचवला, कारण पेपरात तेव्हा तेच चाललं होतं: असे गोळीबार का होतात आणि ते थांबवायचे कसे. चंद्रप्रकाशला विषय एकदम झकास वाटला. आपल्याकडे असलं काही होत नाही, तेव्हा कुणाला लागायचा प्रश्न नाही, असं तो म्हणाला.

गच्चीवर सतरंज्या घातल्या. झेंडा धोंडिरामने बांधला, कारण ती गाठ फक्त त्याला यायची. दोरी चंद्रप्रकाशने ओढली, कारण तो चेअरमन. सभेचे विषय धडाधड मंजूर झाले. शेवटचा विषय राहिला, तो प्रत्येक सभेत शेवटी असतो: आयत्या वेळचे विषय. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि सभा संपली असंही कुणी म्हटलं नाही. चंद्रप्रकाशने थेट स्पर्धा सुरू केली. ही चूक लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते ह्या चुकीने झालं, आणि ती करायला तिथे पन्नास शिकलेली माणसं हजर होती.

पहिली बोलली चंद्रप्रकाशची बायको वनमाला. तिच्या मते सगळ्याचं मूळ अमेरिकेतल्या बायकांनी सकाळचा स्वयंपाक सोडला ह्यात होतं. नवरा गरम पोळी-भाजी खाऊन निघाला की बंदुकीकडे हात जात नाही. टाळ्या पडल्या. मग तळमजल्यावरच्या एका मास्तरांनी घटस्फोट, टीव्ही आणि थंड हवामान अशी तीन कारणं दिली. थंडीमुळे माणूस घरात बसून विचार करतो आणि विचार केल्याने बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यालाही टाळ्या.

मग नाव न देताच दत्ताराम उभा राहिला. दत्ताराम मालवणकडचा, मिलमधे होता. होता म्हणजे संपापर्यंत होता. आता आकुर्ली रोडला नारळ विकायचा.

"कारणां माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आसत," तो म्हणाला. "अडीच वर्सां मिल बंद. फक्त माझ्याकडे बंदूक नाय. म्हणान तुम्ही सगळे हंय बसान भाषणां करतास."

लोक खो खो हसले. मीही हसलो. त्या दिवशी गच्चीवर मुद्द्याचं बोलला तो हा एकच स्पर्धक, आणि त्याला आम्ही विनोदी भाषणाचं उत्तेजनार्थ बक्षीस दिलं.

मग मी. मी टेलिफोन खात्यात आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्यामुळे मला बोलायची भूक फार. मी पाच मुद्दे काढून आणले होते. असा माणूस ओळखायचा कसा? फार बोलत नाही. कुणात मिसळत नाही. हत्याराची सवय आहे. घरात बंदूक आहे. आणि तो अमेरिकन आधी कुठेतरी वॉचमन होता असं पेपरात आलं होतं, ते मी आवाज खाली आणून शेवटी सांगितलं. "हा माणूस तुमच्या-आमच्या शेजारी राहतो," असं म्हणत मी बोट फिरवलं. बोट मी उगाच फिरवलं, आईशपथ, भाषणात फिरवतात तसं. ते जिथे थांबलं तिथे सतरंजीच्या टोकाला धोंडिराम बसला होता, मांडी घालून, लक्ष देऊन ऐकत.

गच्चीवर सगळे एकदम गप्प. मला वाटलं, भाषण रंगलं. रंगलंच होतं, पहिलं बक्षीस मला मिळालं. स्टीलचा डबा.

चंद्रप्रकाशला वाटलं की वातावरण जरा हलकं करावं. असं काही त्याला वाटलं की घोळ होतो. तो म्हणाला, आपल्यात एक तज्ज्ञ बसलेत, त्यांनाच विचारू.

"काय ओव्हाळ, खरं सांगा हां. कधी वाटतं का हो, एकेकाला उडवावं म्हणून?"

"वाटतं की साहेब," धोंडिराम म्हणाला. "रोज वाटतं. पगाराच्या दिवशी तर लईच. लोकं लाइन मोडून फुडं घुसत्यात, म्हाताऱ्या बायांना ढकलत्यात. तवा वाटतं."

नेमके त्याच क्षणी वडे आले.

आमचा सेक्रेटरी जयवंत परब सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सभा सुरू आहे म्हणजे लिहायचं आणि संपली म्हणजे थांबायचं, एवढं त्याला कळतं. आणि सभा संपली असं कुणी म्हटलं नव्हतं. सकाळपासून तो वहीत सगळं उतरवत होता, पोळी-भाजीसकट. परात समोर आली तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि वडा उचलला.

धोंडिराम पुढे बोलत होता. ते फक्त मी आणि दत्तारामने ऐकलं, कारण आम्ही परातीपासून लांब होतो. तो म्हणाला, "तसं वाटाय लागलं की मी बंदूक उघडतो आन् दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकतो. मग ती नुसती काठी. राग गेला की परत भरायची. कधी धा मिनटं लागत्यात, कधी अर्धा तास."

गोळीबार थांबवायचे कसे ह्यावर त्या दिवशी कुणी काही सांगितलं असेल तर ते हे. ते वड्याबरोबर गेलं.

जयवंतने पेन पुन्हा उचललं तेव्हा चंद्रप्रकाश तोंडात वडा धरून मत घेत होता. कुणाच्याच घरी बंदूक असू नये, पटतंय का? सगळ्यांनी हात वर केले. जयवंतने विचारलं, अनुमोदक कोण. सगळ्यांची तोंडं भरलेली. धोंडिरामपर्यंत परात अजून पोचली नव्हती, म्हणून तो म्हणाला, माझं नाव घाला.

चार दिवसांनी सभेचं इतिवृत्त टाइप होऊन आलं. त्यातला तेवढा भाग मला पाठ आहे, कारण नंतर तो मी चाळीस वेळा वाचला.

"आयत्या वेळचे विषय : अमेरिकेतील गोळीबाराबाबत सविस्तर चर्चा झाली. असे कृत्य करणारा इसम आपल्या शेजारी राहतो, असे श्री. श्यामकांत यांनी सभेच्या निदर्शनास आणले. सभासद श्री. धो. ओव्हाळ यांचेकडे बंदूक असून लोकांना उडवावे असे आपणास दररोज, विशेषतः पगाराच्या दिवशी, वाटते असे त्यांनी सभेस सांगितले. सभेने नोंद घेतली. ठराव : कोणाच्याही घरी बंदूक असू नये. सूचक : श्री. श्यामकांत. अनुमोदक : श्री. धो. ओव्हाळ. सर्वानुमते मंजूर."

श्यामकांत म्हणजे मी; स्पर्धेचा विषय सुचवला म्हणून ठरावाचा सूचकही मीच. आणि खाली, जयवंतच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक कागदाखाली असतं तसं: प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी रवाना. कुणाकुणाला रवाना? उपनिबंधक, वॉर्ड ऑफिस आणि पोलीस ठाणं. पोलीस ठाणं कशासाठी, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, जूनमधे लाउडस्पीकरची तक्रार केली होती ना, त्या वेळची यादी आहे. मग आता ते नाव काढायचं होतंस. तर म्हणाला, नाव काढायला कमिटीचा ठराव लागतो.

वीस तारखेला सकाळी दोन हवालदार आले. धोंडिराम बंदूक खांद्याला लावून निघायच्या बेतात होता. त्यांनी जिन्यातच कागद वाचून दाखवला आणि विचारलं, हे तुम्ही बोललात का. धोंडिराम कधी खोटं बोलत नाही, तो म्हणाला व्हय. पण मी त्याच्या फुडचं पण बोललो होतो. हवालदार म्हणाला, पुढचं कागदावर नाही. अनुमोदक तुम्हीच ना? व्हय. मग झालं तर. त्यांनी पावती दिली आणि बंदूक घेतली. एका हवालदाराने ती अशी धरली की नळी थेट वनमालाच्या दाराकडे, तेव्हा धोंडिरामनेच ती त्याच्या हातातून काढून सरळ केली आणि स्वतः खाली जीपपर्यंत नेऊन दिली. आपली बंदूक जप्त करायला आलेल्याला ती धरायची कशी हे शिकवणारा माणूस, आणि त्याला आम्ही धोकादायक ठरवला होता.

तो तसाच, रिकाम्या खांद्याने, बँकेत गेला. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं, बंदुकीशिवाय गनमॅन मी दाखवू कसा, आठ दिवस जागा धरून ठेवतो, त्याच्यानंतर दुसरा लायसनवाला घ्यावा लागेल. आठ दिवस म्हणजे अठ्ठावीस ऑगस्ट.

मी जयवंतकडे गेलो. त्याला सांगितलं की धोंडिराम पुढे काय बोलला ते तुझ्या वहीत नाही, दुरुस्ती कर. तो म्हणाला, मला मान्य आहे, दुरुस्ती जरूर सुचव, इतिवृत्त पुढच्या वार्षिक सभेत कायम होतं तेव्हा. पुढची वार्षिक सभा कधी? पंधरा ऑगस्ट. पुढल्या वर्षीचा. विशेष सभा बोलवायची तर चौदा दिवसांची नोटीस. चौदा दिवसांत माणसाची नोकरी जाईल की रे, मी म्हटलं. त्यावर त्याने उपविधींचं पुस्तक उघडून माझ्यापुढे केलं, जसा काही दोष त्या पुस्तकाचा.

चंद्रप्रकाशकडे गेलो. त्याने मला आत घेतलं, दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बंदूक गेली ती बरीच ना, श्याम. आणि त्यांच्यात जरा राग लवकर येतो यार."

'त्यांच्यात' म्हणजे कुणात, हे त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला कळलं होतं, त्यालाही मला कळलंय ते कळलं होतं, आणि तरी मी त्याच्याकडचा चहा संपवून उठलो. नऊ वर्षं जो माणूस नुसता 'ओव्हाळ' होता तो एका टाइप केलेल्या कागदाने 'त्यांच्यातला' झाला होता. बायका त्याला बघून पोरं घरात ओढायच्या. त्याची बंदूक पोलिसांकडे, हातात पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, आणि लोक जिन्यात भिंतीला चिकटून त्याला वाट द्यायचे.

वनमालाने तर कमालच केली. तिचं भाषण तिने स्वतः मनावर घेतलं होतं. रोज सकाळी साडेआठला गरम पोळी-भाजीचं झाकलेलं ताट घेऊन ती धोंडिरामच्या दारात उभी राहायला लागली, सगळ्या बिल्डिंगच्या वतीने खबरदारी म्हणून. दोन दिवस सुंदराबाईने ताट परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती दारात आली.

"ह्यांना राग आलेला न्हाई बाई," ती म्हणाली. "मला आलाय. ताट हिकडं द्या."

आणि ताट घेऊन तिने दार लावलं. ते ताट वनमालाला परत मिळालं नाही. मागायची तिची हिंमत झाली नाही.

पंचवीस तारखेला शनिवार होता. जयवंतला निदान एक पत्र तरी लिही म्हणून मी राजी केलं आणि आम्ही चौघं, म्हणजे तो, मी, दत्ताराम आणि धोंडिराम, पोलीस ठाण्यात गेलो. चंद्रप्रकाशला नेमका त्या दिवशी बीपीचा त्रास झाला. पत्र चांगलं होतं, निष्कारण चांगलं. शेवटी जयवंतने लिहिलं होतं: सदर सभासद हल्ली कोणासही मारत नाहीत.

"हल्ली?" इन्स्पेक्टरने विचारलं.

जयवंतने जरा विचार केला आणि म्हणाला, खोडून 'सध्या' करू का.

इन्स्पेक्टर समजूतदार होते. ते म्हणाले की हा सगळा गाढवपणा आहे ते मला दिसतंय, पण माझ्याकडे तुमच्या सोसायटीचा सही-शिक्क्याचा कागद आहे, तो मी काय गिळू? तुम्ही मला दुसरा कागद द्या. एका शेजाऱ्याने लिहून द्यायचं, ह्या माणसाला मी ओळखतो, ह्या बंदुकीने काही भलतंसलतं झालं तर जबाबदार मी. एक सही. आत्ता बंदूक घेऊन जा.

दत्तारामने वाक्य संपायच्या आत पेन ओढलं आणि सही केली. इन्स्पेक्टरने नाव वाचलं, पत्ता वाचला, आतून एक जुनी वही मागवली. ब्याऐंशीच्या मोर्च्यात दत्तारामला तीन दिवस आत ठेवलेलं होतं. इन्स्पेक्टर म्हणाले, ह्याचीच हमी दुसऱ्या कुणी द्यायला पाहिजे. जयवंत म्हणाला, सेक्रेटरी म्हणून मला ठरावाशिवाय सही करता येत नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, सेक्रेटरी म्हणून नको, माणूस म्हणून करा. जयवंतला तो प्रकार माहीत नव्हता.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं, एक लाल. 'जबाबदार मी' हे शब्द मी परत एकदा वाचले. म्हटलं, मी सरकारी नोकर, असल्या कागदावर सही करायची तर ऑफिसात विचारावं लागेल. सोमवारी विचारून सांगतो.

खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की माझ्या डोक्यात आलं, हा माणूस रोज वाटतं म्हणाला होता. पुढचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं, बिल्डिंगमधे ते ऐकलेले आम्ही दोघंच, आणि तरी माझ्या डोक्यात पहिलंच वाक्य आलं. पाच मुद्दे मी स्टीलच्या डब्यासाठी रचले होते. आता ते मलाच पटायला लागले होते.

"व्हय, इचारा," धोंडिराम म्हणाला. त्याने खरंच मानलं की मी ऑफिसात विचारणार.

सोमवारी मी ऑफिसात कुणालाही विचारलं नाही. मंगळवारीही नाही. जिन्यात धोंडिराम भेटला की तो फक्त बघायचा आणि मी म्हणायचो, साहेब रजेवर आहेत. मंगळवार म्हणजे अठ्ठावीस तारीख. त्या संध्याकाळी दत्ताराम नारळाची हातगाडी लावून थेट माझ्या घरात आला, चपला न काढता.

"तुझ्या पाच मुद्द्यांत येक ऱ्हवलो, श्याम," तो म्हणाला. "शेजाऱ्याचो हात सहीक उठना नाय, तो."

माझी बायको नीला आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने माझा बक्षिसाचा डबा, ज्यात तिने डाळ भरली होती, तो रिकामा करून माळ्यावर टाकला.

बुधवारी सकाळी धोंडिरामला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो आणि सही केली. दोन मिनिटं लागली. मी कुणालाही विचारलं नव्हतं आणि आकाश कोसळलं नाही. पण इन्स्पेक्टर बंदोबस्ताच्या मीटिंगला गेलेले, कोठाराची किल्ली दुसऱ्याकडे, नोंद तिसऱ्या वहीत. बंदूक हातात पडली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. धोंडिरामने तिथल्या तिथे फडक्याने ती पुसली, कुणीतरी तिच्यावर चहा सांडला होता. मग खोळीत घातली आणि आम्ही बोरीवलीची बस पकडली. बसमधे तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, येक दिवसाचा तर फरक हाय, मॅनेजर साहेब चांगले हायत.

बँकेच्या दारात, धोंडिरामच्या स्टुलावर, एक दुसरा माणूस बसला होता. मांडीवर बंदूक. एजन्सीने सकाळीच पाठवलेला. मॅनेजर बाहेर आला, हात जोडले, म्हणाला, ओव्हाळ, काल सहा वाजेपर्यंत मी वाट बघितली हो. काल आला असता तर. आता ह्याची ऑर्डर निघाली.

काल. काल मी चार वाजता घरी येऊन रेडिओ ऐकत पडलो होतो.

धोंडिरामने मॅनेजरला सलाम केला. मग त्या नव्या माणसाकडे वळला.

"दादा, बोट चापावरून काढा," तो म्हणाला. "दारात बाया उभ्या हायत."

त्याने बोट काढलं.

रस्त्यावर आलो. मी बोलायला लागलो. मला तेच येतं. म्हटलं दुसऱ्या बँका आहेत, एजन्सीत माझ्या ओळखीचा एक आहे, आपण अर्ज करू, मी स्वतः टाइप करून आणतो. टाइप हा शब्द ऐकल्यावर धोंडिराम थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला शिवी देणार, आणि खरं सांगतो, दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने दिली नाही. त्याचा चेहरा मी नऊ वर्षांत तसा बघितला नव्हता. खोळीचा पट्टा त्याने मुठीत इतका घट्ट धरला होता की हाताच्या शिरा वर आल्या होत्या. तो रस्ता ओलांडून कांदिवलीच्या बसमधे चढला. मी मागून चढलो. स्टॉप आला तरी घराकडे वळला नाही, सरळ पोलीस ठाण्यात गेला.

इन्स्पेक्टर परत आले होते. त्यांनी विचारलं, काय हो, आत्ताच नेली ना?

"जमा करून घ्या," धोंडिराम म्हणाला आणि बंदूक टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून.

"का? कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मी सांगतो. आज ती मला घरी न्यायची न्हाई."

इन्स्पेक्टरने वही ओढली. तारीख लिहिली, लायसन नंबर लिहिला आणि पुढच्या रकान्याशी थांबले. कारण काय लिहू, म्हणाले.

"राग आलाय, लिवा."

"कुणाचा?"

"बावीस बिऱ्हाडांचा," धोंडिराम म्हणाला. "दत्ताराम सोडून."

चोवीस बिऱ्हाडांतून त्याचं स्वतःचं आणि दत्तारामचं गेलं की बावीस उरतात. त्यात माझं आलं. तो हे माझ्याकडे न बघता बोलला.

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की असं लिहिता येत नाही हो. राग आलाय असं लिहिलं तर वरून विचारतील, मग ह्याला सोडला कसा. त्यांनी रकान्यात लिहिलं: घरी जागेची अडचण. धोंडिरामने वाचलं आणि खाली सही केली.

जमा करताना एक साक्षीदार लागतो. इन्स्पेक्टरने वही माझ्याकडे सरकवली. ह्या वेळी मी ताबडतोब सही केली.